आधी भांडा, मग प्रेमात पडा: खान्देशात घडणारी हलकीफुलकी प्रेमकादंबरी कशी लिहावी

पहिल्या पानावर भांडण आणि शेवटच्या पानावर लग्नपत्रिका, एवढं ठरलं की कादंबरी जमली असं वाटून पुष्कळ जण लिहायला बसतात. सातव्या-आठव्या प्रकरणात गाडी रुतते. तो उद्धट, ती फटकळ, गाठ पडली की खटके उडतात, हे सगळं असतं; पण पन्नास पानं झाल्यावर ही दोघं नेमकी कशावरून भांडतायत हे लेखकालाही सांगता येत नाही. मग पाऊस पाडावा लागतो, दोघांना एका छत्रीत कोंबावं लागतं, आणि तरीही काही घडत नाही.

हा लेख पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यातही जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या भागातली गोष्ट सांगायची इच्छा असलेल्यांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं: भांडण पोटापाण्याचं असावं, त्यात दोघांचंही म्हणणं खरं असावं आणि प्रेम जुळलं म्हणून ते मिटवून टाकू नये. बाकीच्या युक्त्या यातून आपोआप सुचतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अमळनेरला १९५२ साली आणि २०२४ साली असं दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, तरी ‘मी हलकीफुलकी प्रेमकादंबरी लिहितोय’ म्हटल्यावर आपल्याकडे अजून लोक ‘मग सिरियस काही कधी लिहिणार?’ असं विचारतात. ऐकून सोडून द्या. दोन माणसांना तीनशे पानं भांडवत ठेवून वाचकाला हसवत नेणं किती अवघड आहे, हे लिहायला बसल्याशिवाय कळत नाही.

पायरी १: आधी भांडण शोधा, माणसं नंतर

नवा लेखक नायिकेच्या डोळ्यांपासून सुरुवात करतो. तुम्ही व्यवहारापासून करा. कुणाचा पैसा, पाणी, वेळ किंवा अब्रू कुणामुळे अडकते, ते बघा. खान्देशात अशा जागांना तोटा नाही. सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी घ्या. कापसात ओलावा जास्त आहे म्हणून भाव पाडणारा जिनिंगवाला आणि ‘कालच वाळवलाय’ म्हणणारी शेतकऱ्याची पोर घ्या. जळगावच्या सराफ बाजारात भिंतीला भिंत लागून असलेली दोन दुकानं, किंवा हायवेवर समोरासमोर असलेली शेवभाजीची दोन हॉटेलं, तीही चालतील.

भांडण पारखायला एक साधा प्रश्न विचारा: हे भांडण आज मिटलं नाही तर उद्या सकाळी कुणाचं काय नुकसान होईल? उत्तर ‘काही नाही, दोघांचे इगो दुखावतील’ असं आलं, तर ते भांडण टाकून द्या. इगोवर एक कथा निघते, कादंबरी नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घेऊ आणि शेवटपर्यंत तोच वापरू. जागा सावदा-रावेर पट्टा, पीक केळी. हर्षल हा केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्याकडे कटाईच्या टोळ्या आहेत, ट्रक लागतात, माल उत्तरेकडे जातो. चेतना कृषी पदवीधर. पुण्यात नोकरी करून परत आली आणि गावातल्या शेतकऱ्यांना धरून तिने उत्पादक कंपनी काढली. बॉक्समध्ये पॅकिंग करून माल थेट निर्यातदाराला द्यायचा, असा तिचा बेत. म्हणजे हर्षलच्या बापाचे वर्षानुवर्षांचे शेतकरी ती फोडणार.

आता हे भांडण तापतं कशामुळे, हे लेखकाला माहीत हवं. केळीचा घड तयार झाला की थांबत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, भाव येईपर्यंत वाट पाहता येते. केळीला ती सोय नाही. चार दिवस इकडे-तिकडे झाले की माल बागेतच पिकायला लागतो. त्यामुळे व्यापाऱ्याची गाडी बागेच्या तोंडाशी उभी असते, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात घासाघीस करायला फार काही उरत नाही. बऱ्हाणपूरच्या बाजारात आज काय निघालं याकडे सगळ्या पट्ट्याचं लक्ष असतं, आणि बोर्डावरचा भाव एक व बागेतला भाव दुसरा ही इथली जुनी तक्रार. चेतनाचा राग तिथला आहे.

पण हर्षलही बरोबर आहे, आणि इथेच नमुन्याची खरी मेख आहे. तो पैसे रोख देतो, पोराची फी भरायची असेल तर उचलही देतो. ट्रक वाटेत बंद पडला, माल पिकून गेला, तर तोटा त्याच्या अंगावर. चेतनाच्या कंपनीचा भाव चांगला, पण पैसे महिना-दीड महिन्याने. ज्याला सोमवारी दवाखान्यात पैसे भरायचेत, त्याने काय करायचं? रोख पैसा की चढा भाव, या प्रश्नाला गावात दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. असं भांडण सापडलं की अर्धी कादंबरी हातात आली.

वहीत दोन पानं करा. एकावर हर्षलच्या बाजूने असं लिहा की चेतनाला उत्तर सुचू नये. दुसऱ्यावर उलट. एक पान दुबळं वाटलं, तर तुम्ही गुपचूप एका बाजूने लिहिताय. वाचकाला ते तिसऱ्या प्रकरणात कळतं.

पायरी २: वैराची हद्द ठरवा

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर पुढचं सगळं वाया. हलक्याफुलक्या कादंबरीत वैर असतं, क्रौर्य नसतं. हर्षल तिचे शेतकरी पळवेल, बैठकीत तिची फजिती करेल, तिला हवे असलेले सगळे मजूर आदल्या रात्री स्वतःच्या कटाईला लावून टाकेल. पण तो तिच्या बागेचं नुकसान करणार नाही, तिच्या चारित्र्याबद्दल शब्द काढणार नाही, तिच्या मागे मोटरसायकल घेऊन फिरणार नाही. ‘नाही म्हणते म्हणजे हो’ हे खातं आता बंद करा. नायकाने नायिकेचा हात धरून ‘ऐकून घे माझं’ म्हणण्यात रोमान्स आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रकार लिहू नये.

जातीचंही इथेच ठरवा. आपल्याकडे आडनाव सांगितलं की निम्मी माहिती समोरच्याला मिळते. दोघं एकाच समाजातली दाखवलीत तर घरच्यांचा विरोध व्यापाराचा राहील आणि गोष्ट हलकी ठेवता येईल. वेगळ्या समाजांतली दाखवायची तर जरूर दाखवा, पण मग त्याला पानं द्या. चार विनोद करून सासूबाई विरघळल्या, असं उरकू नका; खऱ्या आयुष्यात त्या पायी माणसांची घरं तुटतात, हे वाचकाला ठाऊक आहे.

पायरी ३: पहिली भेट कामावर घडवा

वह्या सांडू नका. टक्कर नको, अंगावर चहा नको, चुकून दुसऱ्याचा फोन लागणं नको. दोघं आपापलं काम करताना एकमेकांच्या आड येतात, एवढं पुरे.

सकाळी कटाई चालली आहे. मजूर खांद्यावर घड घेऊन बागेतून रस्त्याकडे येतायत, ट्रकमध्ये केळीची पानं अंथरली जातायत. चेतना येते. बघा, पहिला संवाद दोन तऱ्हांनी लिहून दाखवतो. एक तऱ्हा अशी:

“तू स्वतःला समजतोस कोण?”
“तुझ्यासारख्या खूप पाहिल्यात मी.”

ही दोन वाक्यं कुठल्याही गावात, कुठल्याही मालिकेत चालतील. म्हणूनच ती कामाची नाहीत. दुसरी तऱ्हा:

“बोर्डाचा भाव काय निघाला आज?”
“वाचता येतं ना ताई? पुण्याला शिकल्या म्हणे तुम्ही.”
“येतं. म्हणूनच विचारते, तुम्ही कुठला बोर्ड वाचला?”
हर्षल ट्रकच्या फाळक्याला टेकला. “माल चांगला असता तर बोर्डाचाच दिला असता. करपा आहे बागेत.”
“करपा पानांवर असतो, हर्षलभाऊ. फण्यांवर तुमचा डोळा आहे.”
“पानं गेली की फणी भरत नाही. हे पुस्तकात नव्हतं का?”

यात कुणी कुणाचा अपमान केला हे महत्त्वाचं नाही. करपा हा पानांचा रोग आहे हे चेतनाचं खरं. आणि पानं वाळली की फळ पोसत नाही हे हर्षलचंही खरं. दोघांनाही विषय कळतो, दोघंही हजरजबाबी आहेत, आणि दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच हवा. तिसऱ्या प्रहरी घरी भाकरी खाताना चेतनाला चांगलं उत्तर सुचेल आणि ते द्यायला पुन्हा त्याची गाठ पडायला हवी असं तिला वाटेल. प्रेमाची सुरुवात म्हणाल तर ती इथे आहे, आणि तिला स्वतःला ती अजून कळलेली नाही.

पायरी ४: ताई, भाऊ आणि ‘तू’ यांचा हिशोब ठेवा

वरच्या संवादात तो तिला ताई म्हणाला आणि ती त्याला भाऊ म्हणाली. खान्देशात हे अगदी नेहमीचं. पेट्रोल पंपावरचा पोरगा भाऊ, बँकेतला साहेब भाऊ, आमदारही भाऊच. पण तुमच्या कादंबरीत पुढे यांचं लग्न लावायचंय! बरेच लेखक या अडचणीला घाबरून पहिल्या भेटीपासूनच दोघांना ‘तू-तू’ करायला लावतात. तसं करू नका. ही अडचण सोन्यासारखी आहे.

विचार करा: कोणत्या प्रकरणात हर्षल पहिल्यांदा ‘ताई’ गाळेल? त्याच्या लक्षात येणार नाही, पण ट्रकच्या ड्रायव्हरच्या येईल. मग चेतना ‘भाऊ’ गाळेल. त्यानंतरची निदान पाच-सहा प्रकरणं दोघं एकमेकांना काहीच म्हणणार नाहीत. “गाडी आली का?” “माल भरला का?” “ते कागद राहिले.” हाक मारायचीच वेळ आली तर नुसतं “ऐकलं का?” आणि तेवढ्यावर आजूबाजूच्या बायका माना वळवून बघतील, कारण ‘ऐकलं का’ कुणी कुणाला म्हणतं हे त्यांना माहीत आहे. एवढ्या एका गोष्टीवर तीन विनोदी प्रसंग उभे राहतात.

आणि पहिलं ‘तू’ चांदण्यात नको. ते रागात सुटू द्या. भर बैठकीत, वीस शेतकऱ्यांसमोर, “तू गप्प बस जरा, मला बोलू दे!” असं ती ओरडते, आणि मग सगळेच गप्प बसतात. असा प्रसंग जमला की पुढच्या पन्नास पानांची चिंता मिटते.

बोलीबद्दल एक सूचना. खान्देश म्हणजे सरसकट अहिराणी नव्हे. अमळनेर, धुळे, साक्रीकडे अहिराणी. रावेर-यावल-सावद्याकडे लेवा गणबोली, जिच्यात ‘मिळते’चं ‘मियते’ होतं. सातपुड्याच्या अंगाला पावरी, भिलोरी, तडवी. सावद्याच्या आजीच्या तोंडी अहिराणीतलं ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) घातलंत, तर तिकडचा वाचक पुस्तक मिटेल. आपल्याला घरी जी येते तीच वापरा. येत नसेल तर निवेदन आणि बहुतेक संवाद साध्या मराठीत ठेवून आजी-काकांच्या तोंडी मोजकी वाक्यं द्या, आणि ती त्या गावच्या माणसाकडून तपासून घ्या. बोली फक्त गड्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी, फक्त हसवायला, असंही करू नका. चेतना पुण्यातल्या निर्यातदाराशी प्रमाण मराठीत बोलते आणि फोन ठेवल्यावर आईशी बोलीत शिव्या घालते, यात तिचं सगळं आयुष्य येतं.

पायरी ५: वर्ष आखून घ्या

दोघांना पुन्हा पुन्हा एकत्र आणायचं कसं, हा नव्या लेखकाचा नेहमीचा प्रश्न. बंद पडलेली लिफ्ट आणि एकच खोली उरलेलं लॉज या कल्पना आपल्या कामाच्या नाहीत. आपल्याकडे शेतीचं वर्ष आणि सणांचं वर्ष आहे, आणि दोन्हींत माणसाला घरी बसता येत नाही.

नमुन्याची कादंबरी जूनमध्ये सुरू करा. मृगबागेची लागवड चालू असते, रोपं येतात, ठिबकच्या नळ्या पसरल्या जातात. जूनमध्ये लावलेली बाग साधारण पुढच्या उन्हाळ्यात कापणीला येते, म्हणजे गोष्टीला वर्षाचा पट आपोआप मिळतो.

श्रावणात कानबाई या देवीचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. या सणाला भाऊबंद एकत्र येतात. वर्षभर बांधावरून न बोलणारे चुलतभाऊही रोटाला, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जेवणाला, एका पंगतीत बसतात. रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच खातात. आता हर्षल काही कामाने नेमका त्या दिवशी चेतनाच्या दारात उभा आहे असं करा. त्याला आत बोलवावं तर पानात काय वाढावं, हा पेच. न बोलवावं तर दारातून पाहुणा परत गेला म्हणून बदनामी. चेतनाची आजी हा पेच कसा सोडवते, ते तुम्ही लिहा. माझ्या मते आजीने त्याला चहा द्यावा आणि जाताना असं काही बोलावं की चेतनाचे कान लाल व्हावेत.

थंडीत भरीत. यावलजवळच्या बामणोदची वांगी प्रसिद्ध आहेत, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचायची, कळण्याची भाकरी किंवा पुरी, वर कांद्याची पात. भरिताच्या पार्टीला शत्रूलाही बोलवावं लागतं, कारण जाळ लांबून दिसतो. चेतनाच्या पुण्याच्या मैत्रिणीने ‘यात टोमॅटो नाही घालत?’ असं विचारावं आणि त्या एका क्षणी हर्षल आणि चेतना आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूने भांडावेत. दोघांचं एकमत झालेलं वाचकाला दाखवायला भरितासारखा विषय नाही.

त्याच थंडीत केळीला चरका बसतो. गारठ्याने वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, घड पोसत नाही. भरितावरचं हसणं आणि बागेतली काळजी एकाच आठवड्यात ठेवा.

उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, आणि पुरुषांच्या पत्त्यांच्या बैठका, ज्यांकडे त्या दिवसांत गाव डोळेझाक करतं. हीच कादंबरीतली सर्वांत आनंदाची जागा. चेतनाची लग्न झालेली बहीण आलेली आहे, तिला पहिल्या तासात सगळं कळतं, आणि ती झोक्यावर बसून मुद्दाम मोठ्याने विचारते, “तो सावद्याचा व्यापारी दिसायला कसा आहे गं?” गावच्या यात्रेत बारागाड्या (एकापुढे एक जोडलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा गाड्या) ओढल्या जात असतील तर दोघांना एकाच गाडीत चढवून द्या, दाटीवाटीत उतरायला जागाच नसते.

आणि सगळंच घालू नका. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, पाटणादेवी, उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, ही ठिकाणं मोहात पाडतात. पण एखाद्या ठिकाणी जाऊन दोघांमध्ये काही बदललं नाही तर ते प्रकरण पर्यटन खात्याचं झालं, कादंबरीचं नाही. शेवभाजीचंही तसंच. तिचा तिखट रस्सा, वरची तर्री, लिंबू, हे वर्णन अर्ध्या पानात वाचकाच्या तोंडाला पाणी आणेल. पण त्या टेबलावर कुणीतरी काहीतरी कबूल केलं पाहिजे.

पायरी ६: मन बदलतं ते काम बघून

इथे बहुतेक कादंबऱ्या एक सोपी वाट धरतात. नायक गुपचूप एखाद्या म्हातारीला मदत करताना नायिकेला दिसतो आणि तिला कळतं, अरे, हा तर देवमाणूस! मला ही वाट आवडत नाही. दानधर्म बघून आदर वाटतो. तेवढ्याने कुणाची झोप उडत नाही. समोरच्याचं कौशल्य दिसलं की उडते.

हर्षल घडाला हात लावतो, एक बोट दाबतो आणि सांगतो की हा माल किती दिवस प्रवास सोसेल. चेतना मनातल्या मनात ते खोटं ठरवायला बघते आणि त्याचा अंदाज बरोबर निघतो. इकडे हर्षल ऑफिसच्या बाहेर उभा असताना तिचा निर्यातदाराशी फोन ऐकतो. समोरचा दर पाडतोय आणि ती आवाज न चढवता, आकड्यावर आकडा ठेवत, त्याला जागेवर आणते. हर्षलला व्यापार कळतो. म्हणून ती काय करतेय हे त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणालाच कळणार नाही. त्या रात्री तो बापाला सांगतो, “ही पोरगी आपल्याला भारी पडणार आहे.” बापाला वाटतं, तक्रार आहे.

मधल्या भागात असे प्रसंग आलटून-पालटून ठेवा: एक त्याला दिसलेला, एक तिला दिसलेला. प्रत्येकानंतर भांडण थोडं अधिक बारीक, अधिक हुशार होत जाऊ द्या. आधी ती ‘व्यापारी लुटतात’ म्हणत होती, आता ती ‘तुमची वाहतूक क्विंटलमागे महाग पडते’ म्हणते. राग कमी झालेला नाही, माहिती वाढली आहे.

यांच्याभोवती गाव बोलतं ठेवा. ट्रकचा ड्रायव्हर, कंपनीचा हिशोब बघणारा पोरगा, आजी, शेतकऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. गावाला सगळं नायक-नायिकेच्या आधी कळलेलं असतं आणि ते कळलंय हे फक्त त्या दोघांना माहीत नसतं. विनोदाचा मोठा वाटा इथून येतो. पण या माणसांनाही त्यांची कामं द्या. नुसते डोळे मिचकावणारे शेजारी दोन प्रसंगांत कंटाळवाणे होतात.

पायरी ७: ताटातूट मूळ भांडणातूनच यावी

कादंबरीचा तीन-चतुर्थांश भाग झाला की दोघांना दूर करावं लागतं. नवे लेखक इथे गैरसमज आणतात: त्याला कुणाबरोबर तरी पाहिलं, अर्धवट फोन ऐकला. जो गैरसमज एका फोनने मिटू शकतो, त्यावर वाचक चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे.

आपल्या नमुन्यात मे महिन्याच्या शेवटी वादळ येतं. या पट्ट्यात उन्हाळ्याच्या अखेरीस येणारा वारा उभी बाग तासाभरात आडवी करतो. चेतनाच्या वडिलांची बाग पडते. घड अर्धवट भरलेले, निर्यातदार फोन उचलत नाही. ती तहसीलला पंचनाम्याच्या मागे गेलेली असताना वडील पडलेला माल हर्षलला विकून टाकतात, मातीमोल भावात. ती परत येते तेव्हा बागेतून त्याचा ट्रक निघत असतो.

इथे लपवाछपवी काहीच नाही. काय घडलं ते दोघांनाही नीट माहीत आहे, आणि तरीही त्याचा अर्थ दोघांना वेगळा लागतो. ती म्हणते, आजच्या दिवशी तरी तू व्यापारी नसतास. तो म्हणतो, मी व्यापारी नसतो तर उद्या सकाळी तो माल तुमच्या शेतात सडला असता. पुन्हा दोघंही बरोबर. पहिल्या प्रकरणात हेच भांडण गमतीचं होतं, आता ते दुखतं. दोन-तीन प्रकरणं विनोद आवरता घ्या, मात्र आजीला पूर्ण गप्प करू नका.

समेट भाषणाने करू नका. स्टेशनवर धावत जाणंही नको, भुसावळला गाड्या पुष्कळ आहेत, एक चुकली तर दुसरी मिळते. हर्षलने आपली हिशोबाची वही तिच्यापुढे ठेवावी. त्या मालात त्याला थोडा नफा झालेला असू द्या. हो, नफाच. त्याने तोटा सोसून माल घेतला असं दाखवलंत तर तो संत होईल आणि भांडण खोटं ठरेल. चेतना वही वाचते, बेरीज तपासते, एक चूक काढते, नफ्यातला वडिलांचा वाटा मागते, आणि तो देतो. ती पावती फाडून देते. तो पावती खिशात ठेवतो. प्रेमाचा कबुलीजबाब याच्या आसपास, एका वाक्यात, आणि शक्यतो विषय बदलता बदलता.

मग मूळ प्रश्न सुटतो, तोही त्यांच्या दोन खऱ्यांतून. शेतकऱ्याला कटाईच्या दिवशी रोख पैसे हर्षल देईल, माल चेतनाच्या कंपनीकडून चढ्या भावाने जाईल, आणि दीड महिन्याने आलेले पैसे त्याला परत मिळतील. फक्त मधल्या दीड महिन्याचं व्याज किती, यावर दोघांचं एकमत होत नाही. साखरपुड्याच्या दिवशीही नाही. वाचकाला सुखान्त हवा असतो, तो निर्विवाद द्या. लग्न दाखवायचं की नाही ते तुमच्यावर.

पायरी ८: लिहून काढा, तपासा, पाठवा

साधारण साठ हजार शब्द धरा. दोन हजार शब्दांचं एक अशी तीस प्रकरणं, एक तिच्या नजरेतून, एक त्याच्या. हा क्रम मधूनमधून मोडायला हरकत नाही. पहिला खर्डा मागे न वळता पूर्ण करा. पहिलं प्रकरण मात्र शेवटी पुन्हा लिहा, कारण तोवर ही माणसं तुमच्या ओळखीची झालेली असतात. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाईल पुढे सगळ्यांनाच त्रास देते. गाण्यांच्या ओळी वापरायचा मोह होईल, पण हयात किंवा अलीकडे गेलेल्या गीतकाराच्या ओळी परवानगीशिवाय छापता येत नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. आखाजीची पारंपरिक गाणी आहेत की. प्रतिलिपीसारख्या अॅपवर प्रकरणं टाकली तर वाचक कुठे गळतात ते दिसतं. पण छापील पुस्तक काढायचं मनात असेल तर प्रकाशकाशी आधी बोला, काहींना आधी प्रसिद्ध झालेला मजकूर चालत नाही. स्वतःच पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन भारतात मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

छापायच्या आधी खर्डा दोघांना वाचायला द्या. एक, प्रेमकादंबऱ्या भरपूर वाचणारी व्यक्ती. तिला फक्त जिथे हसू आलं तिथे आणि जिथे पानं उलटली तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा. दुसरी, ज्या धंद्यावर लिहिलंय त्या धंद्यातली. केळीचा व्यापारी प्रेमप्रकरण सोडून देईल आणि भाव, वजन, ट्रकची वेळ यांतल्या चुका काढेल. त्या सगळ्या दुरुस्त करा. आणि वाचता वाचता तो मध्येच “पण पोरीचं म्हणणं काही चूक नाही” असं म्हणाला, तर त्या प्रकरणाला हात लावू नका.